केबल लावल्यानं कार्ड उडत नाही बे!

लग्नसराई आली की सोलापुरातल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, आणि यंदा तर तो अल्बम डिझाइनवाल्यांपासून मंगल कार्यालयाच्या मॅनेजरपर्यंत सगळेच पुढं ढकलायलेत. मेसेजमध्ये काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो. कॅमेरा केबलनं कॉम्प्युटरला जोडून काळ्या स्क्रीनवर कमांड टाकून फोटो कॉपी करू नका, कार्ड करप्ट होतंय. कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय कॅमेरा उघडत नाही, लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण फुकटची सिस्टीम) तर दिसतच नाही. फोटोची क्वालिटी उतरते. कॉपी होता होता कार्डातले ओरिजिनल उडतात. वॉरंटी जाते. आणि शेवटी, हे इंजिनियर लोकांचं काम आहे, आपण ह्या भानगडीत पडू नये, सगळ्यांना पाठवा.

एकेक घेऊया. ह्यात चिमूटभर खरं पण आहे आणि म्हणूनच लोकांना पटायलंय.

कंपनीचं सॉफ्टवेअर पाहिजेच, हे आधी घेतो. नाही पाहिजे. कॅमेरा आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्याची एक ठरलेली पद्धत आहे, पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल, लोक पीटीपी म्हणतात, २००० साली ती स्टँडर्ड म्हणून आली आणि पुढं तिला आयएसओ १५७४० हा नंबर मिळाला. कॅनन, निकॉन, सोनी सगळे ती बोलतात, वर प्रत्येकानं आपापले जादाचे फाटे फोडलेत ते वेगळं. विंडोजला ती २००१ च्या एक्सपीपासून कळते, मॅकमधलं इमेज कॅप्चर तीच वापरतं, आणि लिनक्सवर जीफोटो-टू नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे ज्याच्या पोटातल्या लायब्ररीच्या यादीत २५०० च्या वर कॅमेरे आहेत. म्हणजे लिनक्सवर दिसत नाही म्हणणाऱ्यानं लिनक्सवर कॅमेरा कधी लावलेलाच नाही. उबंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीफोटो-टू एवढं टाकलं की काम झालं (टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं आणि टूचा आकडा २, हे सांगायला नको). मग जीफोटो-टू, एक स्पेस, दोन डॅश आणि ऑटो-डिटेक्ट. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि पोर्ट समोर येतं.

आता चिमूटभर खरं. बरेच जण कॅमेरा लावतात आणि ई ड्राइव्ह, एफ ड्राइव्ह असं काहीतरी उघडायची वाट बघत बसतात. ते येत नाही. पीटीपीमध्ये कॅमेरा पेनड्राइव्हसारखा दिसत नाही, त्याला ड्राइव्हचं अक्षरच मिळत नाही, त्यामुळं विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर (तिकडची काळी स्क्रीन) फाइल्सची यादी दाखवणारी डीआयआर टाकून कितीही शोधा, तिथं कॅमेरा सापडणार नाही. जुन्या काही निकॉनमध्ये आणि सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मेन्यूत यूएसबी सेटिंगला मास स्टोरेज असा पर्याय असतो, तो निवडला तर अक्षर मिळतं, पण लग्नात दिसणाऱ्या कॅननच्या नेहमीच्या डीएसएलआरला तो नसतो. विंडोजवर काळ्या स्क्रीनवरूनच काम करायचं असेल तर सरळ कार्ड रीडर लावा, कार्डाला अक्षर मिळतं, आणि रोबोकॉपी ही फाइल्स कॉपी करायची कमांड विंडोजमध्ये आधीपासूनच असते. जीफोटो-टू विंडोजवर बसवायच्या नादाला लागू नका, ड्रायव्हर बदलाबदलीत अख्खी दुपार जाईल.

लिनक्सवर अजून एक अडचण येते आणि माझा अंदाज आहे की 'दिसतच नाही'ची अफवा हिच्यामुळंच उठली असणार. ऑटो-डिटेक्टला कॅमेरा दिसतो पण फोटो मागितले की एरर येते, कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस. कॅमेरा बिघडलेला नसतो. तुम्ही केबल लावल्या लावल्या डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरनं कॅमेरा आधीच धरून ठेवलेला असतो, आणि एका वेळी एकालाच मिळतो. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत कॅमेऱ्याच्या नावापुढं इजेक्टचं बटण असतं ते दाबा आणि टर्मिनलवर (लिनक्सची काळी स्क्रीन) परत कमांड द्या. मॅकवरही तसंच होतं, तिथं कॅमेरा धरून बसणारा सिस्टीमचा स्वतःचा एक प्रोसेस असतो, तो बंद करावा लागतो.

आता कार्ड करप्ट होतंय हा दावा. हा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण गोष्ट अगदी उलटी आहे. कार्ड रीडरमध्ये कार्ड टाकलं की कार्डाची सगळी सूत्रं कॉम्प्युटरकडं जातात, कुठली फाइल कुठं ठेवली आहे ह्याची नोंदवही कॉम्प्युटर स्वतः वाचतो आणि स्वतः लिहितो, म्हणून तर इजेक्ट न करता ओढलं की घोळ व्हायची शक्यता असते. पीटीपीमध्ये कॉम्प्युटरला ती नोंदवही हातातच मिळत नाही. नव्या पेठेत चादरीच्या दुकानात गेलात तर तुम्ही रॅकवर चढत नाही, वरची ती निळी दाखवा म्हणता आणि दुकानदार काढून समोर टाकतो, तसं कॉम्प्युटर फक्त अमुक नंबरची फाइल दे म्हणतो आणि कॅमेरा स्वतः कार्ड वाचून देतो. मध्येच लाइट गेली (आपल्याकडं उन्हाळ्यात जातेच), केबल निघाली, कुणी पाय अडखळून पडला, तरी फार तर कॉम्प्युटरवर एक अर्धवट फाइल पडेल. कार्डावर काही लिहिलंच जात नव्हतं तर कार्डाला होणार काय?

मग कार्डं करप्ट होतच नाहीत का, तर होतात ना, ढिगानं होतात. लाल लाइट चमकत असताना दार उघडून कार्ड ओढलं. लिहिता लिहिता बॅटरी संपली. तेच कार्ड ह्या कॅमेऱ्यातून त्या कॅमेऱ्यात, तिथून कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये, आणि फॉरमॅट वर्षानुवर्षं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नकली कार्ड, वर १२८ जीबी छापलेलं आणि आत जागा त्याच्या चौथाईपण नाही, ती भरेपर्यंत सगळं मस्त चालतं आणि जागा संपली की पुढचे फोटो हवेत जातात, हळदीचे फोटो आहेत आणि अक्षतांचे नाहीत असं होतं ते बऱ्याचदा ह्यामुळं. ते ओळखायलाही काळीच स्क्रीन कामाला येते, एफ-थ्री नावाची दोन कमांडची जोडी आहे, एक कार्ड पूर्ण भरून लिहिते, दुसरी परत वाचून जुळवते आणि खरी जागा किती ते सांगते. नवीन कार्ड कितीही ओळखीच्या दुकानातून आणलेलं असू दे, पहिल्या कामाला न्यायच्या आधी हे करा. मेसेज लिहिणाऱ्यानं हे लिहिलं असतं तर मी पण पुढं पाठवला असता.

क्वालिटी उतरते म्हणे. केबलमधून फोटो जात नाही हो, बाइट जातात, आणि ते जसे कार्डावर आहेत तसेच येतात, जेपीजी असो, कॅननची सीआर-टू ही रॉ फाइल असो, निकॉनची एनईएफ असो. पटत नसेल तर एकच फोटो केबलनं घ्या, तोच कार्ड रीडरनं घ्या आणि दोन्हीवर शा-२५६-सम ही कमांड चालवा, लांबलचक आकडा दोन्हीकडं तोच येईल, एक बाइट जरी इकडचा तिकडं असता तरी आकडा पार बदलला असता. फक्त एक गडबड होऊ शकते. जीफोटो-टूमध्ये थंबनेल उतरवायचा पण पर्याय आहे, आणि फोटोच्या आतलं थंबनेल साधारण १६० बाय १२० पिक्सेलचं टिकलीएवढं असतं. कुणी गेट-ऑल-फाइल्सच्या (सगळे फोटो घ्यायची कमांड) जागी गेट-ऑल-थंबनेल्स चालवलं आणि ते टिकलीएवढे फोटो मोठे करून बघितले तर क्वालिटी उतरली असंच वाटणार. बाकी क्वालिटी कुठं उतरते ते सगळ्यांना माहीत आहे, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तिथं, आणि हा मेसेज पण तिथूनच आला.

ओरिजिनल उडतात हे मात्र नुसतं हसण्यावारी नेता येत नाही. गेट-ऑल-फाइल्स फक्त कॉपी करतं, कार्डावरून काही काढत नाही. काढायची कमांड वेगळी आहे, डिलीट-ऑल-फाइल्स, आणि तिचं शॉर्ट रूप एक डॅश आणि मोठा डी. सगळ्या फाइल्स घ्यायचं शॉर्ट रूप एक डॅश आणि मोठा पी. दोन्ही एकेका अक्षराच्या आहेत, रात्री दोन वाजता वरात आटोपून आल्यावर डोळे मिटत असताना ही शॉर्टकटची हौस करूच नये, पूर्ण नाव टाइप करा, बोटं झिजत नाहीत.

पण खरे फोटो हरवतात ते डिलीटनं नाही, नावांनी, आणि ह्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. कॅमेऱ्यातल्या फोटोच्या नावात शेवटी चारच आकडे असतात, ०००१ ते ९९९९, की परत पहिल्यापासून. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक होतात, म्हणजे चार-पाच लग्नांत तेच नंबर परत. त्यात एका लग्नाला एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर दोघांत आयएमजी ०४५० असणारच, एकात वधूची आई आणि दुसऱ्यात आइस्क्रीमचा काउंटर. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये उतरवायला गेलात तर जीफोटो-टू विचारतो, फाइल आहे, ओव्हरराइट करू का? घाईत वाय दाबलं की पहिला गेला. आणि हुशारी करून स्किप-एक्झिस्टिंग लावलं तर तो नुसतं नाव बघतो, आत काय आहे ते नाही, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो गुपचूप सोडून पुढं जातो. उपाय सोपा आहे, प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा फोल्डर. किंवा फाइलनेम हा पर्याय वापरून उतरवतानाच तारीख-वेळेचं नाव द्या, पण नुसती वेळ सेकंदापर्यंतच जाते आणि हार घालताना बर्स्टमध्ये एका सेकंदात पाच-सहा फोटो निघतात, त्या सगळ्यांचं नाव एकच होणार, म्हणून वेळेपुढं मूळ नाव पण जोडा, टक्केवारीचं चिन्ह आणि छोटा एफ.

आणि वेळेचं निघालंच आहे तर, दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली नसली की वेळेनं लावलेल्या फोटोंत आधी अक्षता पडतात आणि मग अंतरपाट धरला जातो. मिक्सिंगवाल्याची शिवी ह्यासाठी असते. बऱ्याच मॉडेलमध्ये कॅमेऱ्याचं घड्याळही सेट-कॉन्फिगनं कॉम्प्युटरच्या वेळेला लावता येतं, निघायच्या आधी दोन्ही कॅमेरे एकदा लावून घ्या. मॉडेलप्रमाणं सेटिंगचं नाव बदलतं, लिस्ट-कॉन्फिग टाकलं की अख्खी यादी येते, त्यात डेट शोधा.

वॉरंटीचं काय बोलायचं. कंपनीचं सॉफ्टवेअर पण ह्याच केबलमधून फाइल दे, फाइल दे असंच सांगत असतं. पुढं.

आता मेसेजच्या बाजूनं एक गोष्ट मीच सांगतो, जी त्यांना सुचली नाही. केबल स्लो आहे. बऱ्याच स्वस्त आणि मधल्या डीएसएलआरला यूएसबी २.० आहे, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट म्हणजे ६० एमबी, प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळालं तरी नशीब. ६४ जीबी भरलेलं कार्ड असेल तर पस्तीस मिनिटं धरून चाला, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्याची बॅटरी पण जळते. चांगलं कार्ड, यूएसबी ३ चा रीडर, सेकंदाला ८० एमबी मिळाले तर तेच पंधरा मिनिटांच्या आत. म्हणून अख्खं लग्न उतरवायचं असेल तर मी पण रीडरच वापरा म्हणेन. केबल आणि कमांडची मजा वेगळ्या ठिकाणी आहे. रीडर घरी राहिलाय आणि वीसच फोटो पाहिजेत, तर लिस्ट-फाइल्स टाकलं की नंबरवार यादी येते आणि गेट-फाइल पुढं १ ते २० दिलं की तेवढेच येतात. किंवा गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर जागेवर प्रिंट देणारा स्टॉल टाकायचाय, तर कॅप्चर-टेदर्ड लावून ठेवा, तुम्ही कॅमेऱ्यावरच बटण दाबायचं आणि फोटो आपोआप लॅपटॉपवर येऊन पडतो, हुक-स्क्रिप्टमध्ये (फोटो आला की आपोआप चालणारी कमांडची फाइल) प्रिंटची कमांड लिहिली असेल तर सरळ प्रिंटरलाच जातो. नंदीध्वजाच्या गर्दीत दर फोटोला कार्ड काढ-घाल करत बसण्यापेक्षा हे बरं, आणि कार्डाच्या दाराची पण झीज वाचते.

राहिलं इंजिनियरचं. लागतं काय, तर फोल्डर बनवायचा, त्यात जायचं, ऑटो-डिटेक्टनं कॅमेरा बघायचा, गेट-ऑल-फाइल्स म्हणायचं. जास्त टाइप करायची भीती वाटत असेल तर जीफोटो-एफएस घ्या, तो एका कमांडनं कॅमेऱ्यालाच एक फोल्डर बनवून समोर ठेवतो, मग नेहमीचं कॉपी करा. फोटो उतरले की यादीतले नंबर आणि फोल्डरमधल्या फाइल्स मोजून जुळवा, दुसऱ्या हार्ड डिस्कवर एक कॉपी टाका, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवरून नाही, कॅमेऱ्याच्या मेन्यूतून.