पान चघळून इन्सुलिन मिळत नाही

परवा रात्री बहिणीचा फोन आला. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला टाइप १ मधुमेह आहे. घरच्या ग्रूपवर आलेला एक मेसेज वाचून बहिणीच्या सासूबाईंनी, अगदी मायेपोटी, तिचं संध्याकाळचं इंजेक्शन टाळलं आणि 'इन्सुलिनच्या झाडाची' दोन पानं चावायला दिली. रात्री साखर चारशेच्या वर, आणि पोर ओकून ओकून गळाली. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. तोच मेसेज आज मला तिसऱ्यांदा आलाय. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो: इंजेक्शनचं इन्सुलिन कृत्रिम, शरीर ते ओळखत नाही. ते डुकरापासून बनतं. त्याने पेशींची कुलपं गंजतात. एकदा लागलं की सुटत नाही. झाडाच्या पानात नैसर्गिक इन्सुलिन आहे, ते खा आणि सुया फेकून द्या.

शेवटचं आधी घेते, कारण जीव त्यानेच जातो. हे झाड कॉस्टस कुळातलं, मूळचं ब्राझीलचं. 'इन्सुलिन' हे त्याला लोकांनी चिकटवलेलं नाव. उंदरांवरच्या काही प्रयोगांत त्याच्या पानांनी साखर थोडी उतरली, हे मान्य. पण साखर उतरवणारी प्रत्येक गोष्ट इन्सुलिन नसते. आणि घटकाभर धरून चाला की पानात खरंच इन्सुलिन आहे. तरी काय होईल? इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, २१ आणि ३० च्या दोन साखळ्या एकमेकींना बांधलेल्या. पोटातलं पेप्सिन आणि आतड्यातलं ट्रिप्सिन त्याचे तुकडे करतात, वरणातल्या प्रथिनाचे करतात तसेच. पेशीला तुकडे चालत नाहीत, अख्खा आकार लागतो. सुई लागते ती एवढ्यासाठी.

"मग सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाची गोळी कशी निघाली?" असं एका भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. तेही पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, आणि गोळीतून घेता येतं. पण त्यासाठी गोळीत शोषणाला मदत करणारं खास रसायन घालावं लागतं, ती उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी लागते, आणि इतकं करूनही जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोचतं. शिवाय ते जीएलपी-१ या वेगळ्याच संप्रेरकाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या कुलपाला, चिकटतं, इन्सुलिनच्या नव्हे. भाचीच्या इन्सुलिनची जागा ते घेऊ शकत नाही.

टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. बाहेरून दिलं नाही तर शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून बनणारी कीटोन नावाची आम्लं साठतात, रक्त आम्लधर्मी होतं. त्या रात्रीची ओकारी ही त्याचीच सुरुवात होती.

आता "शरीर ओळखत नाही". पेशीला दिसतो तो फक्त आकार. इन्सुलिनचा रिसेप्टर पेशीच्या आवरणात आरपार रोवलेला असतो. बाहेरच्या भागाला इन्सुलिन चिकटलं की आतला भाग जागा होतो, निरोप पुढे जातो आणि स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत ग्लुकोज आत घेणारे वाहक पृष्ठभागावर येतात. ते चिकटणं नेमकं कसं होतं, हे मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमधल्या मायकेल लॉरेन्स यांच्या गटाने २०१३ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये दाखवलं. इन्सुलिनच्या मोठ्या साखळीचं टोक बिजागरीसारखं बाजूला उघडतं, आणि रिसेप्टरचा एक तुकडाही आपली जागा बदलतो. मी वर्षानुवर्षं फळ्यावर किल्ली-कुलूप काढत आले. प्रत्यक्षात किल्लीही वळते आणि कुलूपही. इन्सुलिन गायीचं, यीस्टमधलं की स्वादुपिंडातलं, याची चौकशी त्यात कुठेच नाही.

डुकराचं म्हणाल तर पूर्वी खरंच तसं होतं. माणसाच्या आणि डुकराच्या इन्सुलिनमध्ये एकाच अमिनो आम्लाचा फरक, म्हणून तर ते आपल्या रिसेप्टरवर चालायचं. पण १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आहे.

कुलपं गंजण्याच्या गोष्टीत कणभर तथ्य आहे. इन्सुलिन चिकटलेला रिसेप्टर पेशी आत ओढते. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं तर पृष्ठभागावरचे रिसेप्टर कमी होतात. पण आत गेलेले बरेचसे परत वर येतात, आणि पातळी उतरली की संख्याही सावरते. गंज असा सावरत नाही. टाइप २ मध्ये पेशी दाद देईनाशा होतात, पण ते इंजेक्शन सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून चाललेलं असतं.

राहिलं "एकदा लागलं की सुटत नाही". ही सवय नव्हे, गरज आहे. टोरोंटोत जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं, तेव्हा त्याचं वजन जेमतेम २९ किलो होतं. पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेला दिला आणि साखर उतरली. त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या पथ्यावर महिने मोजत असत. लेनर्ड पुढे तेरा वर्षं जगला, इन्सुलिन घेत.