दादा तिथे जातो कशाला?

गेले तीन आठवडे अंत्रुजातून, म्हणजे गोव्यातल्या आमच्या फोंडा महालातून, एकच प्रश्न मला सारखा ऐकवला जातोय आणि आता माझं डोकं फिरलंय. देव मानणारा माणूस नास्तिकांच्या बैठकीत जातोच कशाला?

हा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. वय अडुसष्ट. फोंडा महालातल्या आमच्या गावच्या देवळात चाळीस वर्षं भजनाला पेटी वाजवतोय. एकादशीला पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी फोंड्यात एका घराच्या माडीवर काही तरुण मंडळी जमतात, देव, धर्म, विज्ञान, अंधश्रद्धा यांवर बोलतात, तिथेही तो जातो. मागे बसतो, ऐकतो, कधीमधी एखादा प्रश्न विचारतो. एवढाच त्याचा गुन्हा. देवळाकडची मंडळी म्हणतात, याची श्रद्धा डळमळली. माडीवरच्या मुलांनी तर ठरावच आणलाय, की देव मानणाऱ्यांनी यापुढे येऊ नये. ते एकतर प्रचार करायला येतात नाहीतर मोडता घालायला. ठराव आणणाऱ्यांत माझा भाचा आहे, दादाचा सख्खा मुलगा.

दोन्हीकडून मला फोन. वहिनी म्हणते, तुम्ही सांगा त्यांना, तुमचं ऐकतात. भाचा म्हणतो, आत्या, तू तरी बाबांना समजाव. आणि मी बाजू घेतली की दोघंही म्हणणार, तुम्हाला तिकडे बसून इथलं काय कळतं.

मला कळतं. दादा जे करतोय ते मी इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये कितीतरी वर्षं केलंय.

हंबरस्टोन गेटवरचा सेक्युलर हॉल १८८१ सालचा. इथली सेक्युलर सोसायटी, म्हणजे धर्म बाजूला ठेवणाऱ्यांची संस्था, त्याहून जुनी, १८५१ची. अशा संस्थांत जगातली सर्वांत जुनी म्हणतात. जॉर्ज होलिओक या गृहस्थांना गावात व्याख्यानाला सभागृह नाकारलं गेलं. मग जोसाया गिमसन नावाच्या कारखानदाराने पुढाकार घेतला आणि या लोकांनी स्वतःची इमारत उभी केली. हेच होलिओक १८४२ साली ईश्वरनिंदेसाठी सहा महिने तुरुंगात होते. देवाविरुद्ध बोलला म्हणून कोठडीत टाकलेल्या माणसासाठी झालेली ही वास्तू. दर्शनी भिंतीवर पाच अर्धपुतळे आहेत. सॉक्रेटिस, व्हॉल्तेअर, टॉमस पेन, रॉबर्ट ओवेन. आणि पाचवा येशू.

तो पाचवा चेहरा मी पहिल्यांदा ओळखला तेव्हा बससाठी पावसात उभी होते. दोन बस गेल्या तरी मी वरच बघत होते. नास्तिकांनी आपल्या घराच्या कपाळावर येशूला बसवलंय, देव म्हणून नव्हे, प्रश्न विचारणारा माणूस म्हणून. ज्यांना होलिओकनी छळ सोसलेला माहीत होता, त्यांनी हे केलं. फोंड्याच्या माडीवरची मुलं एका पेटीवाल्या म्हाताऱ्याला खुर्ची द्यायला तयार नाहीत.

मी आत गेले ते आई गेल्यावर. आपल्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी सगळं उरकतं. मी हीथ्रोला पोचायच्या आत आईची राख झाली होती. तिकीट रद्द केलं आणि परत आले. इथे देवळं आहेत, बेलग्रेव्ह रोडला दिवाळी अशी होते की आपल्याकडच्यांनी बघावी. मी देवळात गेले. बायका प्रेमळ, हातावर प्रसाद ठेवला, गुजरातीत विचारलं, कयुं गाम? कुठलं गाव? मी गोवा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि दुसरीकडे वळल्या. त्यांचा दोष काहीच नाही. मलाच तिथे आईबद्दल बोलावं अशी जागा सापडली नाही.

पुढच्या रविवारी मी हॉलमध्ये होते. व्याख्यान कशावर होतं ते आता आठवत नाही. चहाच्या वेळी एक निवृत्त शिक्षक बाजूला येऊन बसले, स्वतःच्या थर्मासमधला चहा पीत. मी सांगितलं, आई गेली. मी देव मानते हेही सांगितलं, पाहुण्याने आधीच सांगून टाकावं म्हणून. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, मग तुझी आई आता कुठे आहे असं तुला वाटतं?

मला उत्तर देता आलं नाही. मी एव्हिंग्टनपर्यंत चालत घरी आले आणि वाटभर मला एकच सुचत होतं, की त्रेचाळीस वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मला कुलदैवत विचारलं होतं. गाव, वाडा, माहेरचं आडनाव विचारलं होतं. सोवळ्यात आहेस का हे विचारलं होतं. माझा नक्की कशावर विश्वास आहे हे पहिल्यांदा विचारलं ते देव न मानणाऱ्या माणसाने.

दादा माडीवर का जातो याचं अर्धं उत्तर इथेच आहे. आमच्या देवळात देवाबद्दल बोलत नाहीत. हे वाचून कोणाला राग आला तर येऊ दे. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, सभेत काय चालतं ते दादाच मला दरवर्षी सांगतो. पालखीला पहिला खांदा कोणाचा, जत्रेच्या फेरीची पावणी, म्हणजे लिलाव, कितीला गेली, महाजनांच्या वहीत कोणाचं नाव घालायचं, मामलेदाराकडे कुठला अर्ज अडकलाय. सगळं १९३३च्या पोर्तुगीज नियमावलीप्रमाणे. पोर्तुगीज जाऊन साठ वर्षं उलटली तरी देवस्थानांचा कारभार त्याच कागदावर. आमच्या वहीत बायकांची नावं नाहीत, म्हणून मी त्या सभेत कधी बसलेच नाही. बाहेर सोप्यावर बसून आतले आवाज ऐकलेत. त्या आवाजांत देव आहे की नाही, असला तर आमच्या धाकट्या बहिणीला नवव्या वर्षी तापाने का नेलं, असलं काही कधी कानावर पडलं नाही.

कौलाला गर्दी असते. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावतात, भटजी गाऱ्हाणं घालतात आणि आपण श्वास धरून बघत राहतो, उजवी पडते की डावी. घर बांधायचं का, मुलीचं स्थळ घ्यायचं का, मी इंग्लंडला जाऊ का. माझी उजवी पडली होती. ती सुटताना गर्भगृहात आलेला ओलसर आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणजे देवाला प्रश्न विचारायची आपल्याकडे सोय आहे. देवाविषयी प्रश्न विचारायची नाही. तो विचारायचा तर माडीच चढावी लागते.

आणि यात नवल कसलं? आपल्या परंपरेत तर दुसऱ्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मगच आपलं, याला पूर्वपक्ष म्हणत. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सगळ्या दर्शनांचा आढावा घेतला तेव्हा पहिलं पान चार्वाकाला दिलं. स्वतः वेदान्ती, पण सुरुवात वेद न मानणाऱ्यापासून. गांधीजींनी १९४४ साली गोरा नावाच्या आंध्रातल्या नास्तिकाला सेवाग्रामात बोलावून घेतलं, त्याच्याशी तासन्‌तास बोलले. गोरांनी आपल्या मुलीचं लग्न दलित मुलाशी ठरवलं होतं, ते सेवाग्रामात लावायचं गांधीजींनी कबूल केलं आणि शपथेत देवाच्या जागी सत्य म्हणायलाही हरकत घेतली नाही. गांधीजी गेले, तरी १९४८मध्ये लग्न तिथेच झालं. त्या आश्रमात रोज दोनदा प्रार्थना व्हायची. रामनाम घेणाऱ्या माणसाला नास्तिकाशेजारी बसून धर्म बाटेल असं वाटलं नाही.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मग जे बोलला ते मला टोचलं. म्हणाला, आत्या, तुझ्या तिकडे देव न मानणं ही काय मोठी गोष्ट आहे?

खरं आहे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ४६.२ टक्के लोकांनी ख्रिश्चन लिहिलं आणि ३७.२ टक्क्यांनी कुठलाच धर्म नाही असं लिहिलं. ईश्वरनिंदेचा जुना कायदा २००८मध्ये रद्द झाला. इथे कामाच्या ठिकाणी मी एकादशी करते म्हटल्यावर लोक दचकतात, करत नाही म्हटल्यावर नाही. गोव्यात उलटं. कचेरीत टेबलामागे तसबीर, बसमध्ये काचेपाशी देव, शाळेची सुरुवात प्रार्थनेने, चवथीला आरतीला उभा राहिला नाही तर अख्ख्या वाड्यात चर्चा. आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात पुलावर सकाळी गोळ्या घातल्या, हे त्या माडीवरचा एकही मुलगा विसरलेला नाही. भाचा म्हणाला, महिन्यातले दोन तास आम्हाला मोकळेपणी बोलायला मिळतात. त्यातही कोणी येऊन म्हणतं, मग हे जग कोणी निर्माण केलं ते सांग. दर वेळी पहिल्यापासून. आम्ही दमतो.

हे मला मान्य आहे. हॉलमध्येही एक गृहस्थ यायचे, हातात पत्रकं, दर रविवारी तोच प्रश्न, उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. असे लोक तिथे फक्त आपल्या देवाकडे पुण्य जमा करायला येतात, समोरचा माणूस त्यांना दिसतच नाही. त्यांना दार दाखवलं तर मी रडणार नाही. काही भांडायला येतात, तेही मी बघितलेत. पण कितीतरी जण शंका घेऊन येतात, जी घरी उच्चारली तर आईला धक्का बसेल. काही एकटेपणाने येतात. काहींना आपली श्रद्धा वापरून बघायची असते. जी कधी कोणी खोडलीच नाही तिच्यावर भार टाकायचा कसा? मी तिथे जाऊन नास्तिक झाले नाही. मी सकाळी दिवा लावते. पण काय म्हणून लावते हे आता मला सांगता येतं, पूर्वी येत नव्हतं.

भाच्याने यावर विचारलं, मग तू त्या हॉलमध्ये एवढी वर्षं का जात राहिलीस? सगळं विचारून झालं होतं ना?

खरं सांगायचं तर विश्वासाशी त्याचा फारसा संबंध उरला नव्हता. इथल्या देवळात मी गुजराती नाही. इथल्या गोवेकरांत बहुतेक ख्रिस्ती, त्यांच्या फेस्ताला मी जाते, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल खात नाही, कोपऱ्यात बसते. मराठी मंडळात मी गोव्याची, आणि गोव्यात मी आता इंग्लंडची. हॉलमध्ये माझी एक ठरलेली जागा होती. मी ती देव मानणारी बाई. मी गेले नाही तर पुढच्या रविवारी कोणीतरी विचारायचं, गेल्या वेळी तू नव्हतीस, तुझं मत राहून गेलं. मत. माझं. आमच्या देवळाच्या सभेत मला आयुष्यात जे मिळालं नाही, ते मला परक्यांनी, देव न मानणाऱ्यांनी दिलं. मी त्याला घट्ट धरून राहिले.

आमचे देवसुद्धा असेच आलेत अंत्रुजात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यातल्या साष्टी महालात देवळं मोडली, लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून इकडे आणल्या. कुशस्थळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा. चारशे वर्षांत ते इथलेच झाले. ज्यांचे देव परक्या रानात रुजले, त्या माणसांनी कोण आत आणि कोण बाहेर यावर एवढं अडून बसावं, हे मला सहन होत नाही. देवळाकडच्यांनाही मी हे ऐकवलं. दादाचं भजन बंद करायचा विचार असेल तर माझं नाव तुमच्या वहीत नाही, पण दर चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, आणि जत्रेला दिव्यांचे पैसे माझेच येतात, तेही सांगितलं. बोलायला नको होतं कदाचित. बोलले.

शेवटी दादालाच फोन लावला. त्याच्याशी या विषयावर मी बोललेच नव्हते, सगळे त्याच्याबद्दल बोलत होते. मी विचारलं, दादा, तू तिथे नक्की जातोस कशाला?

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, घरात तो बोलत नाही गो. जेवतो, वर जातो. दोन वर्षं झाली. आरतीला यायचं सोडलं तेव्हा मी चार शब्द जास्त बोललो, तेव्हापासून. तिथे तो दीड तास बोलतो. चांगलं बोलतो. हात असे हलवून, आपल्या आबांसारखे. मी मागे जिन्यापाशी बसतो. प्रश्न विचारला की तो माझ्याकडे बघून उत्तर देतो.

साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून गेले, त्यांचा मुलगा दामोदर मार्क्सच्या वाटेने इतिहासाकडे वळला. आपण दोघांचीही नावं अभिमानाने घेतो. त्या बापलेकांचं आपसात काय बोलणं होत असेल याचा विचार मी आजवर केला नव्हता.

दादाने जे सांगितलं ते मी भाच्याला सांगितलेलं नाही. ते त्याच्या बापाने सांगायचं. मी त्याला एवढंच लिहिलं, की ठराव मतदानाला टाकायच्या आधी या शनिवारची बैठक होऊ दे आणि मलाही फोनवर जोड. तुमचे पाच म्हणजे इथले साडेबारा, मी त्या दिवशी कामावर नाही. मी देव मानते हे सगळ्यांना आधीच सांगून ठेव. फोन जिन्याच्या बाजूला ठेव, मागच्या रांगेत.

अजून उत्तर आलेलं नाही. दोन निळ्या खुणा दिसतायत.