दाढ काढलीत? आता दहा वर्षं निवांत बसा

दाढ काढून आलात ना? कापसाचा बोळा टाकला, आईस्क्रीम खाल्लं, विषय संपला. निघताना डॉक्टर म्हणाले असतील, 'जखम भरली की या, तिथे दात बसवू.' मनावर घेऊ नका. त्यांनाही दवाखान्याचं भाडं भरायचं असतं.

आधी आरशासमोर उभं राहून हसून बघा. खिडकी दिसते? आणि घरात लग्न आहे? मग मात्र धावा. हळदीच्या चार दिवस आधी गेलात तरी चालेल, फक्त 'रविवारपर्यंत कायमचा पाहिजे' असं ठणकावून सांगा. खिडकी दिसत नसेल तर दात गेलाच नाही असं समजा. दाढा नुसत्या चावायच्या कामाच्या, फोटोत थोड्याच येतात! त्यातून ती सहाव्या वर्षी येणारी पहिली दाढ असेल तर हळहळूच नका. ती आली तेव्हाच घरच्यांनी दुधाची समजून 'पडेल आपोआप' म्हणत किडू दिली होती. घराण्याची रीत मोडायची कशाला?

जेवण एका बाजूने होतंच. भाकरी कालवणात कुस्करा, शेंगदाण्याचं कूट करा, पेरूऐवजी केळं खा.

तोंडातली रिकामी जागा मात्र तुमच्याइतकी निवांत बसत नाही. शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर होतं तसं अतिक्रमण सुरू होतं. मागची दाढ पुढे कलते, समोरच्या जबड्यातली आधार सुटल्यामुळे लांबत त्या जागेत उतरते, फटीत मेथीची काडी अडकते. खालचं हाडही झिजतं, तेही पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. पण यातलं काहीच दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी दवाखान्यात जाणारा माणूस आपल्याकडे संशयास्पद ठरतो.

तरी शंका आलीच तर सोसायटीतल्या काकांना विचारा. वरची दाढ काढली की नजर जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं (स्वतः ते चाळिशीपासून चष्मा लावतात, दाढा शाबूत असताना). ब्रिजसाठी (म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या खोट्या दातासाठी) ते शेजारचे दात घासून लहान करावे लागतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणून बाकीचंही खरं माना. इम्प्लांटचा, म्हणजे थेट हाडात बसवलेल्या खोट्या दाताचा, स्क्रू गंजतो असंही ते म्हणतात. तो टायटॅनियमचा असतो आणि हाड त्याला धरून बसतं. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले, ते चाळीस वर्षं टिकले. पण स्वीडन लांब आहे, काका खालच्याच मजल्यावर.

वडिलांना कवळी करून द्यायची असेल तर जरूर द्या. ती लग्नकार्यात लावायची आणि पंगतीला बसताना काढून खिशात ठेवायची. घरी आल्यावर पाण्यात न ठेवता रुमालात गुंडाळून कपाटात टाका. मग वर्षभराने ती बसेनाशी झाली, की कवळी करणाऱ्याला हात नाही असं म्हणता येतं.

दहा वर्षांनी दुसऱ्या बाजूचीही दाढ हलायला लागेल, तेव्हा जा. डॉक्टर सांगतील की जागा उरलेली नाही, हाड कमी पडतंय, आधी हाड भरावं लागेल, खर्च वाढेल. मेडिक्लेममध्ये बसतं का विचारा. बहुतेक बसत नाही. मग खाली उतरा आणि दातांचे डॉक्टर कसे लुटतात ते पार्किंगमध्येच, जो भेटेल त्याला सांगायला सुरुवात करा.