‘तुम्हा शिक्षकांना तपासणीच नको असते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गोपनीय अहवालावरच्या (वरिष्ठ दरवर्षी शिक्षकाच्या कामाबद्दल लिहून श्रेणी देतात तो) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सकाळी शाळेला निघताना वाचली, आणि दिवसभर ती डोक्यातून गेली नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात इथे देते. तुम्ही म्हणता: “मॅडम, तुम्हा शिक्षकांना तपासणीच नको असते. पाचवीच्या पोराला दुसरीचा उतारा वाचता येत नाही आणि मास्तरांना दरवर्षी ‘अ’. मुलांच्या निकालावर पगारवाढ ठरवा, आठ दिवसांत सुतासारखे सरळ होतील. खासगी नोकरीत असता तर कळलं असतं. आणि शाळासिद्धी 2017 साली आली हे तुमचं विधान चूक आहे.”

शेवटचं आधी. शाळासिद्धी, म्हणजे शाळांचं मूल्यमापन करून श्रेणी देणारा राष्ट्रीय कार्यक्रम, 2015 साली आली, हे तुमचं बरोबर. माझ्या मनात 2017 चा शासन निर्णय होता आणि वर्षांची गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता “सुतासारखे सरळ होतील”. हे वाक्य तुम्ही तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षकांसमोर उभं राहून म्हणाल का? मतभेदाला माझी हरकत नाही, लेखाखाली तिखट प्रतिक्रिया याआधीही आल्या आहेत. पण ज्याच्या हाती आपण पोर सोपवतो त्याच्याबद्दल बोलताना जनावर वळणावर आणायची भाषा वापरायची, आणि तीही टोपणनावाआडून, हे मला पटत नाही.

तपासणी नको असते म्हणता. मी 2005 साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना 3000 रुपये मानधनावर. दोनशिक्षकी शाळा, चार इयत्ता, दोन खोल्या. पहिल्याच वर्षी तेव्हाचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, आले आणि थेट वर्गात शिरले. खुर्ची दिली तर नको म्हणाले. मागे सतरंजीवर, मुलांच्या ओळीत मांडी घालून पूर्ण तास बसले. मी घामाघूम. तास संपल्यावर व्हरांड्यात बोलावून म्हणाले, “बाई, प्रश्न तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकता. विचारल्यावर मनात पाच अंक मोजा, मग बोला.” दुसऱ्या दिवशी मोजले. तिसऱ्या अंकाला मागच्या ओळीतला, जूनपासून तोंड न उघडलेला एक मुलगा बोलला. आजही प्रश्न विचारला की मी पाच मोजते. अशी तपासणी मला नको होती? ती मला त्यानंतर फार क्वचित मिळाली, हे माझं दुःख आहे आणि लेखही त्याबद्दलच होता. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला असता तर ही वेळ आली नसती.

कारण आता तपासणी म्हणजे काय होते, तेही सांगते. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. केंद्रप्रमुखांची पदं रिकामी राहतात, मग एकाकडेच दोन केंद्रांचा कार्यभार येतो. साहेब येतात ते कार्यालयात बसतात. पोषण आहाराची नोंदवही, शिल्लक तांदूळ, हजेरी, पोर्टलवर कोणाचं आधार जुळत नाही, हे सगळं पाहतात. मग शेरेबुकात लिहितात: “टाचण अद्ययावत. विद्यार्थी गणवेशात. परिसर स्वच्छ.” (टाचण म्हणजे तासाची लेखी पूर्वतयारी.) गेल्या भेटीत शेजारच्या खोलीत माझा अपूर्णांकाचा तास चालू होता. ते दारापर्यंतही आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना त्याच दिवशी आणखी दोन शाळा करायच्या होत्या. पण वर्षअखेरीला मी स्वतःच भरलेल्या स्वयंमूल्यमापनावर त्यांची सही होते आणि त्यावरून माझी श्रेणी ठरते. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, केवळ प्रतिकूल शेरे कळवणं पुरेसं नाही. त्यानंतरही काही वर्षांनी माझा अहवाल माझ्या हाती पडला तेव्हा त्यात ‘ब+’ होता. का, ते एका ओळीतही नव्हतं. कुठे कमी पडले ते कळलं असतं तर मी सुधारले असते. तुमचा तो “दरवर्षी अ” मला मिळालेला नाही, एवढं नोंदवून ठेवा.

निकालावर पगार म्हणाल, तर ते करून झालं आहे. 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते. माझी 12 वर्षं 2017 मध्ये भरली आणि त्याच वर्षी 23 ऑक्टोबरचा शासन निर्णय आला: शाळा मुलांच्या निकालावरून ‘प्रगत’ ठरलेली हवी आणि शाळासिद्धीत ‘अ’ श्रेणीत हवी. शाळासिद्धीची 46 मानकं आधी शाळेने स्वतःच भरायची असतात. आमच्या मुख्याध्यापकांनी जसं होतं तसं भरलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, तर नाही लिहिलं. आम्ही ‘ब’ मध्ये गेलो. तसंच कोरडं स्वच्छतागृह असलेली जवळची एक शाळा ‘अ’ मध्ये गेली. खरं लिहिल्याची किंमत आम्ही मोजली. ती अट पुढे वगळावी लागली. इंग्लंडने तर 1862 पासून 1897 पर्यंत हा प्रयोग केला, तपासनिसांपुढे मुलं किती पास होतात त्यावर शाळेचं अनुदान. मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करून म्हणू लागली. आठ दिवसांत सरळ? पस्तीस वर्षं पुरली नाहीत.

उतारा वाचता न येण्याबद्दल मी वेगळं लिहीन. तूर्त एवढंच की असे आकडे ज्यातून येतात त्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीची माणसं जिल्ह्यातल्या 30 गावांत, गावातल्या 20 घरी जाऊन मुलांना वाचायला देतात. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं, अमुक शाळेतल्या तमुक बाईंचं नाही. माझ्या चौथीतली एक मुलगी गेल्या दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आणि मार्चअखेर परत आली. जाताना जोडाक्षरं वाचत होती. आल्यावर ‘रस्ता’ शब्दातल्या ‘स्त’वर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिचा निकाल माझ्या पगारातून कापायचा असेल तर कापा, पण आधी ते पाच महिने कोणाच्या खात्यावर मांडायचे ते सांगा.

खासगी नोकरीच्या मुद्द्याला उत्तर द्यावंसं वाटत नाही. घरात एक माणूस 18 वर्षं कंपनीत आहे. त्यांचं अप्रेझल कसं होतं ते मी दरवर्षी जवळून बघते.

माझं मागणं लेखात होतं तेच आहे. वर्षातून निदान चार वेळा, शिकवणं कळणाऱ्या माणसाने माझ्या वर्गात पूर्ण तास बसावं आणि नंतर मला तोंडावर सांगावं. वाईट असेल तर वाईट म्हणावं, लेखी द्यावं, मी सही करून घेईन. तुम्हाला याहून चांगली पद्धत माहीत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण स्वतःच्या नावाने लिहा. टोपणनावाने आलेली पुढची अशी प्रतिक्रिया मी काढून टाकणार आहे.