दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका

‘तोंड आलं म्हणजे पोटात उष्णता. पोट साफ करा, बी-कॉम्प्लेक्स घ्या, फार ठणकलं तर ॲस्पिरिनची गोळी फोडावर दाबून धरा. पांढरा चट्टा दुखत नसेल तर काळजी नको.’ हा मेसेज ग्रुपांवर फिरतोय आणि लोक तो विश्वासानं पुढे पाठवताहेत. त्यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं.

आधी पोटाचं. नेहमीचे झोंबणारे फोड येतात ते गालाच्या आत, ओठामागे, जिभेखाली, म्हणजे जिथलं अस्तर मऊ आणि पातळ असतं तिथे. हिरड्या आणि टाळूचा पुढचा भाग केराटिन या चिवट प्रथिनामुळे कणखर असतो, तिथे ते क्वचितच दिसतात. पोटातली उष्णता वर येत असती तर तिनं अशी जागा निवडली नसती. गाल चावला जाणं, दाताचं टोक घासणं, ताण, अनुवंश, लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-12 ची कमतरता ही खरी कारणं. आतड्याच्या काही आजारांत तोंडात वारंवार फोड येतात, हे खरं आहे. पण सोबत जुलाब होत असतील, वजन उतरत असेल तर तपासणी हवी. पोट साफ करायच्या औषधानं तो आजार जात नाही.

‘बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या आणि आठवड्यात बरं वाटलं’ असं अनेकजण सांगतात. साधा फोड 7 ते 14 दिवसांत आपणहूनच भरतो. अस्तराच्या तळाच्या पेशी सतत नव्या पेशी तयार करत असतात, लाळ जखम ओली ठेवते आणि लाळेतली काही प्रथिनं ती भरायला मदत करतात. म्हणून तोंडातली जखम बाहेरच्या कातडीपेक्षा लवकर भरते, बहुतेकदा व्रणही राहत नाही. श्रेय मात्र गोळीला मिळतं. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर जे कमी आहे तेच घ्यावं.

ॲस्पिरिन गिळायची असते. गालात धरली तर अस्तर भाजतं, पांढरं पडतं आणि त्याचं सालपट निघतं.

आता चट्टा. प्रत्येक पांढरं दिसणारं वाईट नसतं. वरखालचे दात मिळतात त्या पातळीवर गालावर आडवी पांढरी रेघ अनेकांना असते. बारीक पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी. बुरशीचा थर पुसला की निघतो. पण पुसून न निघणारा आणि कारण न सापडणारा पांढरा चट्टा ल्युकोप्लाकिया असू शकतो. असे बहुतेक चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, काही मात्र बदलतात, आणि कुठला बदलेल हे नुसतं बघून अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही. मखमली लाल चट्टा त्याहून धोक्याचा. तोंडाचा कर्करोगही सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणजे ज्याला सर्वांत आधी दाखवायला हवं, नेमकं त्यालाच हा मेसेज घरी बसवतो.

तंबाखू, दारू आणि सुपारी घेणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 च्या अहवालातच म्हटलं आहे. सुपारीनं अस्तर ताठर होत जातं, तिखट झोंबू लागतं आणि तोंड पूर्वीइतकं उघडत नाही.

उजेडात आरशासमोर गाल ओढून आत बघा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा बघा, मग ती उचलून खालची जागा बघा. 3 आठवड्यांत न भरलेला फोड, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, बोटाला लागणारा कडकपणा यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जा. बायोप्सी सांगितली तर घाबरू नका: जागा बधिर करून अगदी छोटा तुकडा काढतात, आणि चट्टा नेमका कसला आहे ते त्यातूनच कळतं.