घर पडेपर्यंत पैसा नाही

दर पावसाळ्याच्या तोंडावर तीच नोटीस. डोंगराखालच्या वाडीत तलाठी येतो, घरोघरी कागद देतो: दरडीचा धोका आहे, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करा. कुठे करायचं? जागा दाखवत नाहीत, भाडं देत नाहीत, गुरंढोरं कुठे बांधायची ते कुणी सांगत नाही. सही घेतली की त्यांचं काम संपलं. उद्या काही झालं तर "आम्ही पूर्वसूचना दिली होती" म्हणायला ती सही कामाला येते. चीड येते मला या कागदाची!

डोंगराला भेग पडली म्हणून अर्ज करा. पाहणी होईल, फोटो निघतील, फाईल जिल्ह्याला जाईल आणि तिथेच पडून राहील. पंचनामा होतो तो पडलेल्या घराचा. पूर्ण घर गेलं तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात सव्वा लाखाच्या आसपास, माणूस गेला तर ४ लाख. त्याच माणसाला जिवंतपणी चार किलोमीटर पलीकडे घर बांधून द्यायचं म्हटलं की गायरान, वनखातं, मोजणी, निधी, सगळे अडथळे एकदम उभे राहतात.

आणि पैसाच नाही असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा धोका आधीच कमी करण्यासाठी वेगळा काढायला सांगितला. उरलेले ८० टक्के घटना घडल्यावरच्या मदतीला आणि तयारीला. पाचातला एक रुपया जीव वाचवायला, आणि तोही वाडीपर्यंत पोचेल तेव्हा खरा.

पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. गाव दिसत नाही हे आधी कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरला. त्यानंतर किती बैठका झाल्या, धोकादायक गावांच्या याद्या झाल्या! २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली डोंगरावरची इर्शाळवाडी गेली, आणि मग विधानसभेत सांगितलं गेलं की ती वाडी यादीत नव्हतीच. अरे, मग यादी करताना डोंगर चढून वर कोण गेलं होतं? ज्या वाडीला धड रस्ता नाही, तिथेच आधी जायला नको? यादीत नाव नाही म्हणजे निधी नाही, आणि नाव असलं तरी नोटिशीपलीकडे काही नाही. मग नाव असून-नसून फरक काय पडला?

दुर्घटनेनंतर मात्र रातोरात सगळं सापडतं. हेलिकॉप्टर, मंत्री, कंटेनरची घरं, पुनर्वसनाची जागासुद्धा. त्या कंटेनरच्या पत्र्याखाली बायका-पोरांनी उन्हाळा कसा काढला ते जाऊन विचारा. जी जागा मेल्यानंतर सापडते, ती आदल्या वर्षी का सापडली नव्हती, याचं उत्तर कुठल्याही कलेक्टर कचेरीने लेखी द्यावं. प्रत्येक धोक्याच्या वाडीसाठी, तारखेसह. आणि ते मिळेपर्यंत पुढच्या नोटिशीवर सही करू नका. आधी जागेचा गट नंबर मागा, मगच पेन हातात घ्या. पण पाऊस वाढला तर सहीची वाट न बघता पोरांना घेऊन डोंगरापासून लांब जा.