मीठ टाकलं तरी मायक्रोवेव्हमधलं अंडं फुटू शकतं

रविवारी सकाळी आत्तीचा फोन आला. ती कोल्हापुरात राजारामपुरीत एकटीच राहते, वय ७१. आवाज थरथरत होता. "अगं, अंडं फुटलं तोंडावर." मी मंगळवार पेठेतून गाडी काढून पोचेपर्यंत शेजारच्या वहिनींनी तिच्या चेहऱ्यावर गार पाणी मारलं होतं. उजव्या गालावर आणि भुवईखाली लाल चट्टे उठले होते. चष्म्याच्या काचेवर बलक चिकटून वाळला होता. चष्मा नसता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं, ते इथं लिहवत नाही.

कसं झालं विचारलं तर तिनं मोबाईलच पुढं केला. "अंड्याच्या ७ भन्नाट ट्रिक्स, नाश्ता ५ मिनिटांत." हा मेसेज मला स्वतःलाही महिनाभरात तीनदा आला होता. एकदा भिशीच्या ग्रुपवर, एकदा शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि एकदा घरच्यांच्याच. तिन्ही वेळा मी न वाचता पुढं सरकले. आता वाचलाय, नीट, शब्दन् शब्द.

मेसेज थोडक्यात असा. एक, अंडी आणली की लगेच धुऊन फ्रीजमध्ये ठेवा. दोन, पिवळा बलक टाकून द्या, तो हृदयाचा शत्रू. तीन, अंडं कच्चंच दुधातून प्या, शिजवलं की प्रोटीन मरतं. चार, अंड्याला सुईनं एक भोक पाडा, मिठाच्या पाण्यात बुडवा आणि मायक्रोवेव्हमध्ये ५ मिनिटं ठेवा; मीठ असलं की अंडं फुटत नाही. पाच, कुकरमध्ये पाणी न घालता, तळाला ओला रुमाल अंथरून अंडी उकडा. सहा, कवचाच्या आतला पापुद्रा काडी लावल्यावर जळला तर अंडं प्लास्टिकचं. सात, उकडलेल्या बलकाभोवती हिरवट कडा दिसली तर ते विषारी, फेकून द्या.

क्रमानं जात नाही. चौथ्यापासूनच सुरू करते.

आत्तीनं सगळं तंतोतंत केलं होतं. काचेचा वाडगा, अंडं बुडेल एवढं पाणी, चमचाभर मीठ, सुईचं भोक, ५ मिनिटं. आत काहीच फुटलं नाही. तिनं अंडं बाहेर काढलं, गार व्हायला दोन मिनिटं ठेवलं, सोललं, ताटलीत घेतलं आणि चमच्यानं दोन भाग करायला गेली. तेव्हा ते फुटलं. मी तिला म्हटलं, अगं निदान झाकून तरी कापायचंस. तर म्हणाली, "त्यात लिवलंय की, मीठ टाकलं की फुटत न्हाई." माणूस छापल्या अक्षरावर विश्वास ठेवतो. तिच्या वयाची माणसं तर जास्तच.

म्हणजे अंडं आत फुटलं नाही, यावरून ते सुरक्षित आहे असं ठरत नाही. खरा धोका त्यानंतरच आहे, आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकेत एका माणसानं हॉटेलवर दावा लावला होता. मायक्रोवेव्हमध्ये परत गरम केलेलं उकडलेलं अंडं तोंडात फुटलं, भाजलं आणि ऐकूही कमी यायला लागलं, असं त्याचं म्हणणं. त्या खटल्यासाठी आवाजाच्या क्षेत्रातल्या दोन तज्ज्ञांनी, अँथनी नॅश आणि लॉरेन फॉन ब्लोन यांनी, जवळजवळ शंभर अंडी घेऊन प्रयोग केले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात मांडले. त्यांनी उकडलेली अंडी पाण्यात ठेवूनच ३ मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवली, बाहेर काढली आणि टोकदार थर्मामीटर खुपसला. जवळपास तिसरा हिस्सा अंडी बाहेर काढल्यावर फुटली. फूटभर अंतरावरून आवाज मोजला तर तो ८६ पासून १३३ डेसिबलपर्यंत. १२० च्या पुढं कान दुखायला लागतो, हे ध्यानात घ्या. आणि बलकाचं तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षा सतत जास्त भरत होतं.

मेसेजचा चौथा मुद्दा या शेवटच्या वाक्यातच संपला. गॅसवर पाण्यात अंडं उकडतं तेव्हा उष्णता बाहेरून आत जाते. पाणी जेवढं तापलंय त्याच्या वर अंडं जाऊच शकत नाही. मायक्रोवेव्हच्या लहरी पाणी आणि कवच ओलांडून थेट आतल्या ओलाव्याला तापवतात, त्यामुळे बलक भोवतालच्या पाण्याच्याही पुढं जातो. बलक शिजून घट्ट झाला की त्याच्या बारीक कप्प्यांत पाण्याचे थेंब अडकतात. हे थेंब उकळीच्या वर तापतात, पण वाफ व्हायला वाव नसतो, म्हणून गप्प बसतात, असं त्या दोघांचं अनुमान आहे. चमचा लागला, दात लागला, सुरी लागली की एक कप्पा फुटतो आणि एकाला लागून सगळे उडतात. वाडग्यातल्या पाण्यात मीठ टाकून त्या बलकाचं काय होणार? मीठ बाहेर, बलक आत, मधे पांढरं आणि कवच. चमचाभर मिठानं वाडग्यातल्या पाण्याचा उत्कलनबिंदूसुद्धा नाव घेण्यासारखा हलत नाही.

आणि सुईचं भोक. हे कुठून आलं ते मला कळतं. बाजारात अंडी उकडायचं छोटं विजेचं यंत्र मिळतं, त्याला सगळे एग बॉयलर म्हणतात. त्याच्याबरोबर पाणी मोजायचा छोटा प्लास्टिकचा पेला येतो आणि पेल्याच्या बुडाला एक सुई असते. त्या सुईनं अंड्याच्या बोथट टोकाला भोक पाडायचं, कारण त्या टोकाशी हवेची पोकळी असते; ती हवा तापून फुगली की भोकातून निघून जाते आणि कवच तडकत नाही. त्या यंत्रात तळाच्या तव्यावर थोडं पाणी असतं, त्याची वाफ होते आणि अंडं वाफेवर शिजतं. तिथं ते भोक उपयोगाचं. मायक्रोवेव्हमध्ये दाब तयार होतो बलकाच्या पोटात, हवेच्या पोकळीत नव्हे. कवचाला भोक पाडून बलकातली वाफ कशी सुटेल? कुणीतरी एका यंत्राची कृती उचलून दुसऱ्याला चिकटवली आणि आत्तीचा गाल भाजला. आत्तीच्या मायक्रोवेव्हचं माहितीपुस्तक कपाटातून काढून पाहिलं. त्यात स्वच्छ लिहिलंय, कवचासकट अंडं ठेवू नये, उकडलेलं आख्खं अंडं परत तापवू नये.

मायक्रोवेव्हमध्ये अंडं करायचंच असेल तर फोडून करा. कपात अंडं फेटायचं, बलक पूर्ण मोडला पाहिजे, चिमूट मीठ, थोडा चिरलेला कांदा, चमचाभर दूध. अर्धा मिनिट ठेवायचं, काढून ढवळायचं, परत अर्धा मिनिट. दीडेक मिनिटात मऊ बुर्जीसारखं होतं. एकट्या माणसाला हे बरं पडतं, आत्तीला मी हेच शिकवून आले.

आता तिसरा मुद्दा, कारण तो माझ्या पुतण्याच्या पोटात रोज जातो. पोरगं १७ वर्षांचं, पेठेतल्या तालमीत जातं, पहाटे मेहनत झाली की सहा कच्ची अंडी दुधात फेटून पितं. विचारलं तर म्हणतो, "काकू, शिजवलं की पॉवर जाती." कोल्हापुरात हे सांगणारा तोच एकटा नाही. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात खुराकाबद्दल कुणी बाहेरच्यानं बोलू नये, हे मलाही मान्य. पण जुन्या पैलवानांच्या खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई हीच मोठी नावं. कच्चं अंडं म्हणजे परंपरा, हे त्याला सांगितलं कुणी?

प्रोटीन शिजवल्यानं मरत नाही. ते गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं असतं, उष्णतेनं तो दोरा सुटतो आणि पोटातल्या पाचकरसांना पकड मिळते. कच्च्या पांढऱ्यात उलट पचन अडवणारे घटक असतात, शिजवल्यावर तेच निकामी होतात. १९९८ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी हे माणसांवर मोजलं. शिजवलेल्या अंड्यातलं साधारण ९१ टक्के प्रोटीन अंगी लागलं, कच्च्यातलं ५१ टक्के. माणसं पाचच होती, हे सांगायला हवं. पण फरक एवढा मोठा आहे की तो नुसता योगायोग म्हणता येत नाही. पुतण्याला हिशोब मांडून दाखवला. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन, सहा अंड्यांत ३६. उकडून खाल्लीस तर ३२-३३ ग्रॅम अंगी लागेल, कच्ची प्यालास तर १८. रोजची जवळजवळ तीन अंडी तू नुसती गिळतोस. तो गप्प बसला. वर साल्मोनेला या जंतूची भीती आहेच. कुस्तीच्या दोन दिवस आधी जुलाब-उलट्या लागल्या तर वर्षभराची मेहनत मैदानात उतरायच्या आधीच गेली. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं एव्हिडिन हे बायोटिन नावाचं जीवनसत्त्व धरून ठेवतं, ते शरीराला मिळू देत नाही. महिनोन्‌महिने रोज कच्ची अंडी पिणाऱ्याला हे लागू पडतं, एखाद्या दिवशी खाणाऱ्याला नाही.

बलक टाकून द्या म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अ, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वं बलकात, कोलीन नावाचं पोषकद्रव्य बलकात, आणि आपण तोच मोरीत ओतायचा? एका अंड्यात साधारण १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं. पूर्वी अमेरिकेच्या सरकारी आहारसूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, हेही खरं. २०१५ च्या सूचनांत ती मर्यादा काढली, कारण रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम जास्त. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच चढलंय, त्यांनी डॉक्टरांना विचारून संख्या ठरवावी. बाकीच्या धडधाकट माणसानं रोजचं एक अंडं बलकासकट खावं.

प्लास्टिकचं अंडं हा प्रकार तर फार झाला. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, खुलासा केलाय की हुबेहूब अंड्यासारखं कृत्रिम अंडं बनवायचं तंत्रच नाही. कवचाखालचा पापुद्रा प्रोटीनचा असतो. केस जळतो, नख जळतं, तसा तोही जळणारच. या मेसेजपायी कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याशी भांडणारी माणसं मी बघितलीत.

हिरवट कडेचंही तसंच. अंडं जास्त वेळ उकडलं की पांढऱ्यातला गंधक वायूरूपानं सुटतो आणि बलकातल्या लोहाशी जुळतो, त्याची ती कडा. विषारी नाही, फक्त चव थोडी उतरते. उकळत्या पाण्यात अंडी हळू सोडा, १० ते ११ मिनिटांनी काढा आणि लगेच गार पाण्यात टाका. कडा येणार नाही.

धुऊन ठेवायचं म्हणाल, तर नको. अंड्याच्या कवचावर नैसर्गिक पातळ लेप असतो, तो कवचाची हजारो बारीक छिद्रं झाकतो. धुतलं की लेप गेला, ओल्या कवचातून जंतू आत जायला वाट झाली. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. धुवायचंच तर करायच्या वेळी धुवा आणि लगेच वापरा.

राहिला कुकर. इथं मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करते. वाफेवर शिजलेली अंडी खरंच चांगली सोलली जातात, कारण पांढऱ्याला एकदम चटका बसतो आणि ते पापुद्र्याला कमी चिकटतं. पाणीही कमी लागतं, गॅस वाचतो. ओल्या रुमालात पाणी असतं म्हणून ती युक्ती चार वेळा जमूनही जाते. पाचव्यांदा फोन येतो, गॅस चालू राहतो, रुमाल वाळतो आणि कोरडा कुकर तापत राहतो. रिंग कडक होते, तळ वाकतो, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. रुमाल कशाला हवा? वाटीभर पाणी घाला, तळाला जाळी ठेवा, जाळीवर अंडी, एक शिट्टी, गॅस बंद. पाच मिनिटांनी वाफ सोडून अंडी गार पाण्यात टाका.

आणि अंडी सोलताना पांढरं सोलपटाबरोबर निघून येत असेल तर दोष तुमच्या हाताचा नाही, अंडं फार ताजं आहे. चार-पाच दिवस ठेवलं की आतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा आम्लपणा उतरतो आणि पापुद्रा सुटतो. उकडायला जुनी अंडी घ्या, पोळ्याला ताजी. आत्तीकडं सोमवारी ताज्या अंड्यांचा पोळाच केला, कांदा-लसूण चटणी घालून, तव्यावर.